थार २ इंच लिफ्ट केली (सस्पेन्शन उंच करून गाडी वर उचलली), शॉकअप (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) कंपनीचेच ठेवले. आता मागून खडखड आवाज येतो. काय करावं?

शॉकअप खराब झालेत असं लगेच धरून चालू नका. बहुतेक ते आखूड पडताहेत.

गाडी सपाट जागी उभी करा आणि मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत टेप लावा. मग चेसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) लावून चाकं लोंबू द्या (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका), परत मोजा. दोन मापांत जेमतेम इंच-दीड इंचाचा फरक असेल तर कारण सापडलं. बीड-पाटोदा भागातल्या गाडीवाटेवर चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअपचा रॉड पूर्ण ताणला जातो आणि आतून ठोका बसतो. अशात नवे पण तेवढ्याच लांबीचे शॉकअप टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. लिफ्टच्या मापाचे लांब घ्या. मात्र लांब शॉकअप दबताना तळाला आपटू नये म्हणून बंप स्टॉपही (सस्पेन्शन पूर्ण दबताना अडवणारा रबरी ठोकळा) तपासा, आणि चाक लोंबताना ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, तेही.

माप ठीक निघालं तर बुश (शॉकअपच्या बोल्टभोवतीचं रबर) बघा. खालचा बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्का आवळायचा. लोंबत्या चाकावर आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजवाले हे सर्रास विसरतात.

शॉकअपच्या बॉडीवर तेलाचा हलका ओलावा चालतो, ओघळ असेल तर सील (आतलं तेल अडवणारी रबरी कडी) गेलं. आपल्याकडची काळी माती रॉडवर वाळून कडक होते आणि सील कापते, म्हणून चिखलातून आलात की रॉड पाण्याने धुऊन टाका.