पीसीएफमध्ये पाणी भरल्यावर प्रकाश का गायब होतो: स्प्लाइस, छिद्रे आणि तरंगलांबी

द्रवाचा अपवर्तनांक प्रकाशाने मोजण्याची तुमची मांडणी अशी आहे: सुमारे २ मायक्रॉन गाभ्याचा आणि त्याभोवती लांबीभर २ मायक्रॉन व्यासाची छिद्रे असलेला काचेचा फोटॉनिक क्रिस्टल फायबर, म्हणजे पीसीएफ, १० सेंटीमीटर लांब. एका टोकाला साधा सिंगल-मोड फायबर स्प्लाइस केलेला, म्हणजे विजेच्या आर्कने वितळवून जोडलेला, दुसरे टोक द्रव भरण्यासाठी मोकळे आणि त्यासमोर लेन्स व पॉवर मीटर. स्रोत १५५० नॅनोमीटरचा, द्रव म्हणजे साखरेचे पाणी. स्प्लाइसवर ९ डेसिबल तोटा होतो, पाणी भरल्यावर बाहेर जवळजवळ काहीच येत नाही, आणि तोच द्रव पुन्हा भरला तरी आकडा वेगळा येतो. सिम्युलेशनमध्ये मात्र सगळे झकास. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. तिन्ही कागदावर दहा मिनिटांत सापडतात, म्हणून स्प्लाइसर पुन्हा चालू करण्याआधी गणित करा.

आधी स्प्लाइस. साध्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला मोडचा, म्हणजे गाभ्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा, व्यास सुमारे १०.४ मायक्रॉन असतो, तुमच्या पीसीएफमध्ये साधारण २. दोन मोड अगदी नेमके समोरासमोर आणले तरी तोटा किती, याचे सूत्र सोपे आहे: दोन्ही व्यासांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले त्यांच्या वर्गांची बेरीज; या संख्येचा लॉगॅरिदम घेऊन उणे २० ने गुणायचे. तुमचे आकडे घातले की ८.६ डेसिबल येतात. म्हणजे ९ पैकी ८.६ हा मोडच्या आकारातल्या तफावतीचा तोटा आहे, आणि तुमचा स्प्लाइस वाईट नसून उलट चांगलाच आहे. आर्कची सेटिंग बदलत आठवडा घालवलात तरी वाचेल ते उरलेले ०.४.

उपाय मधल्या फायबरचा. जास्त एनएचा (न्यूमरिकल अपर्चर; म्हणजे प्रकाश जास्त रुंद कोनात पकडणारा), सुमारे ४ मायक्रॉन मोडचा छोटा तुकडा मध्ये घाला. त्याचा साध्या फायबरशी जोड जास्त वेळ तापवला की गाभ्यातले जर्मेनियम पसरते, मोड रुंदावतो आणि त्या बाजूचा तोटा अगदी थोडा उरतो. पीसीएफच्या बाजूला ४ विरुद्ध २, म्हणजे १.९ डेसिबल. ८.६ वरून २ च्या आसपास येणे वाईट नाही. किंमत मात्र जुळवणीत मोजावी लागते. सध्याच्या जोडात १ मायक्रॉनची बाजूची चूक जेमतेम ०.३ डेसिबल खाते, नव्या जोडात तीच चूक १.७ खाईल. त्यामुळे स्प्लाइसरच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका. छिद्रांमुळे त्याला पीसीएफचा गाभा नीट दिसतच नाही. पॉवर मीटर लावून, हाताने जुळवून, मगच आर्क द्या.

आर्कबद्दल एवढेच, की साध्या फायबरचा प्रोग्रॅम पीसीएफला लावला तर छिद्रे मिटतात. तापलेल्या सिलिकाचा चिकटपणा कमी झाला की पृष्ठताण छिद्राची भिंत आत ओढतो, आणि भिंत सरकण्याचा वेग छिद्राच्या आकारावर अवलंबून नसतो. म्हणून लहान छिद्र आधी संपते. तुमची २ मायक्रॉनची छिद्रे याला फार नाजूक आहेत. साध्या फायबरला दीड-दोन सेकंदांचा आर्क देतात, इथे ०.३ सेकंदापासून आणि कमी प्रवाहाने सुरुवात करा. शिवाय इलेक्ट्रोडची रेषा जोडावर न ठेवता सुमारे ५० मायक्रॉन भरीव फायबरकडे सरकवा, म्हणजे बहुतेक उष्णता छिद्रे नसलेल्या काचेत जाईल. जोड हाताने हलक्या ओढीला टिकला तर पुरे. कमी आर्कचे जोड ठिसूळच राहतात, त्यांना कडक आधार हवा.

क्लीव्ह करतानाची, म्हणजे फायबरचे टोक सपाट तोडतानाची, एक चूक सर्रास होते. कोटिंग काढून काच अल्कोहोलने पुसायची, आणि मग क्लीव्ह करायचे. क्लीव्हनंतर टोक पुसायचे नाही, अल्कोहोलमध्ये बुडवणे तर दूरच. केशाकर्षणाने द्रव क्षणात आत जातो, आणि आर्कच्या वेळी त्याची वाफ जोड फोडते किंवा छिद्रांत काजळी सोडते. क्लीव्हरचा ताणही कमी करा, कारण छेदातली काच भरीव फायबरपेक्षा कमी आहे. काचेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात कमी केलेला ताण ही चांगली सुरुवात.

आता दर वेळी वेगळे उत्तर का येते ते. तुमचे एक टोक स्प्लाइसने बंद आहे. द्रव मोकळ्या टोकातून शिरतो तेव्हा आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. १ मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रात पाण्याचा केशाकर्षणाचा दाब सुमारे १४४ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट. त्या दाबाने आतली हवा मूळ जागेच्या सुमारे ४१ टक्क्यांत दाबली गेली की द्रव थांबतो. १० सेंटीमीटरपैकी जेमतेम ६ सेंटीमीटर ओले, बाकी कोरडे! त्यात हवा हळूहळू द्रवात विरघळते, तशी ओली लांबी वाढत राहते. तुम्ही पाचव्या मिनिटाला मोजता की पंधराव्या, यावर आकडा ठरतो.

दोन्ही टोके उघडी असली तर वेळ नीट काढता येतो. भरलेल्या लांबीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या छिद्रात शुद्ध पाणी १० सेंटीमीटर जायला सुमारे साडेचार मिनिटे लागतील. १ मीटरला मात्र दहापट नव्हे, शंभरपट, म्हणजे साडेसात तासांच्या वर. साखरेचे ४० टक्के द्रावण पाण्याच्या सुमारे सहापट चिकट असते, त्यामुळे तेच १० सेंटीमीटर अर्ध्या तासाकडे जातात. प्रत्येक द्रावणाला सारखाच वेळ देत असाल, तर अपवर्तनांकासोबत चिकटपणाही मोजला जातोय. आणि साखर वाळली की छिद्र कायमचे बुजते. प्रत्येक तुकडा एकदाच वापरायचा असे धरून चाला, किंवा साखरेऐवजी इथिलीन ग्लायकॉलचे मिश्रण घ्या.

म्हणून आधी स्प्लाइस आणि मग भरणे, हा क्रम सोडा. भरून मग स्प्लाइस करणेही नको, पाणी उकळते. व्ही-आकाराच्या खाचेत दोन्ही फायबर टोकाला टोक ठेवा, मध्ये १० ते २० मायक्रॉनची फट सोडा आणि फटीवर द्रवाचा थेंब ठेवा. दुसरे टोक काचेची खिडकी असलेल्या छोट्या कोठडीत. भरताना थेंब एकाच टोकाला द्या, दुसरीकडून हवा बाहेर जाऊ द्या. फेम्टोसेकंद लेसरने बाजूला खाच पाडण्याची सोय असेल तर ते सगळ्यात स्वच्छ, पण पहिल्या प्रकल्पात त्यामागे लागू नये.

तिसरी तक्रार, प्रकाश नाहीसा होण्याची. इथे दोष तरंगलांबीचा आहे. १५५० नॅनोमीटरला पाण्याचे शोषण सुमारे १० प्रति सेंटीमीटर असते. मोडचा फक्त ५ टक्के भाग पाण्यात आहे असे धरले तरी दर सेंटीमीटरला २.२ डेसिबल, म्हणजे १० सेंटीमीटरला २२ डेसिबल जातात. त्यात स्प्लाइसचे ९ मिळवा. पॉवर मीटरवर शून्य दिसले तर नवल काय? ८५० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचे शोषण याच्या दोनशेपटीने कमी आहे. तिकडे गेलात तर मोड गाभ्यात आक्रसतो आणि संवेदनशीलता काहीशी घटते, तुमचा पीसीएफ तिथे एकाहून जास्त मोडही वाहून नेईल, आणि प्रकाश आत आणायला ७८०–८५० साठीचा सिंगल-मोड फायबर लागेल. तरीही सौदा फायद्याचा आहे. १५५० चा स्रोत सोडवतच नसेल तर तुकडा १ सेंटीमीटर करा, किंवा जड पाणी वापरा. ड्युटेरियममुळे शोषणाचे पट्टे लांब तरंगलांबीकडे सरकतात. अर्थात प्रत्यक्ष नमुन्यांसाठी जड पाण्याचा उपयोग शून्य.

छिद्रे भरायचीच नसतील तर वेगळी वाट आहे. मोठ्या मोडचा, म्हणजे ८ मायक्रॉनच्या आसपासचा पीसीएफ घ्या. साध्या फायबरशी मोडचा तोटा फक्त ०.३ डेसिबल राहतो. दोन्ही स्प्लाइसवर छिद्रे मुद्दाम दोनशे-तीनशे मायक्रॉन मिटू द्या. मिटलेल्या भागात प्रकाश पसरतो, त्यातला काही गाभ्याभोवतीच्या आवरणातल्या मोडमध्ये जातो, आणि पुढच्या मिटलेल्या भागात गाभ्यातल्या व आवरणातल्या प्रकाशाचे व्यतिकरण होऊन वर्णपटात पट्ट्या दिसतात. दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे तरंगलांबीचा वर्ग, भागिले (त्या दोन मोडच्या अपवर्तनांकांतला फरक गुणिले लांबी). फरक ०.००६ आणि लांबी २ सेंटीमीटर धरली तर १५५० ला पट्ट्या २० नॅनोमीटर अंतरावर येतात. द्रव फक्त बाहेरून लागतो, पुसून पुन्हा वापरता येतो. मात्र फायबर किंचित वाकला तरी पट्ट्या सरकतात, म्हणून तो ताठ बसवलाच पाहिजे.

सिम्युलेशनबद्दल थोडे कडवट. लंबवर्तुळाकार छिद्रे आणि त्यातल्या निवडक छिद्रांत ३० नॅनोमीटर सोने, असल्या रचना संगणकावर छान चालतात. खरा पीसीएफ सुमारे १ मिलिमीटरच्या केशनळ्या रचून, तापवून, ओढून बनतो, आणि पृष्ठताण प्रत्येक छिद्र गोल करू पाहतो. तोट्याचे आकडेही तपासा: १५५० ला प्रभावी अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग १०⁻⁹ असेल तर तोटा ३५ डेसिबल प्रति किलोमीटर होतो. तुमच्या सॉल्व्हरची, म्हणजे मोडचे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची, अचूकता त्याहून ढोबळ असेल तर तो आकडा निव्वळ गोंगाट आहे. गणिताची जाळी दुप्पट बारीक करा, मॉडेलच्या कडेचा शोषक थर जाड करा. उत्तर हलले तर ते उत्तर नव्हे.

शेवटी पोकळ गाभ्याच्या फायबरबद्दल. २०२५ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने ०.०९१ डेसिबल प्रति किलोमीटरचा आकडा प्रसिद्ध केला, तो याच कुळातल्या पण वेगळ्या, पातळ नळ्यांच्या रचनेचा आहे. दूरसंचारासाठी मोठी गोष्ट, तुमच्या प्रयोगाला अप्रस्तुत. तुम्हाला चालेल तो जुना बँडगॅप प्रकार, ज्यात आवरणातली छिद्रांची नियमित जाळी ठरावीक तरंगलांब्यांना गाभ्यातच अडवून धरते. गाभा आणि आवरण दोन्ही पाण्याने भरले की त्याची प्रकाश वाहण्याची खिडकी लहान तरंगलांबीकडे सरकते: १५५० साठीचा फायबर पाण्याने भरल्यावर ८५० ते ८८० च्या आसपास प्रकाश नेतो. नेमके तिथे पाणी पारदर्शक असते, आणि जवळजवळ सगळा प्रकाश पाण्यात असूनही १० सेंटीमीटरला २ डेसिबलच्या आसपास तोटा होतो. गाभ्याचे मोठे छिद्र आवरणाच्या छिद्रांच्या आधी भरते, त्यामुळे मधल्या काळात काहीच दिसणार नाही. घाबरून फायबर बदलू नका, थांबा.

कुठलाही फायबर घेतलात तरी तापमान नोंदवा. पाण्याचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००१ ने घटतो. पाचव्या दशांश स्थानापर्यंत बोलायचे असेल तर कोठडी ०.१ अंशाच्या आत स्थिर हवी, आणि सध्या तुमच्या टेबलावर थर्मामीटरच नाही.