रोज ऑफिसला नेतो त्या जिमनीला बीडलॉक व्हील घालायची आहेत, कुठली घ्यावीत?

प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो, कारण ह्याच गोष्टीवरून आमच्या घरात 2018 पासून वाद चाललाय. तुम्ही विचारलंय की पाच दिवस ऑफिस आणि रविवारी चोर्ला, जांबोटीकडं चिखल-दगडात जाणारी गाडी आहे, तर तयार बीडलॉक रिम घ्यावी की कंपनीच्या स्टील रिमवर रिंग वेल्ड करून घ्यावी, स्वस्तात होतंय म्हणून. (बीडलॉक म्हणजे टायरची आतली कड, तिला बीड म्हणतात, ती रिमवर बोल्टांनी आवळलेल्या रिंगेनं दाबून धरायची, म्हणजे चिखलात हवा कमी केली तरी टायर रिमवरनं सुटत नाही.) वेल्ड करून नको. अजिबात नको. पैसे वाचतात म्हणून तर मुळीच नको.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, लेथवर काम करतो आणि राहतो खानापुरात, म्हणजे जाऊन-येऊन रोज 50 किलोमीटर आलेच. गाडी जिप्सी. माझे दाजी चंदगडचे, गाड्यांचा नाद त्यांनाच आधी, मला त्यांनीच लावला. त्यांनी त्यांच्या जीपला रिंग वेल्ड करून घेतली होती आणि गणपतीला घरी आले तेव्हा म्हणाले, तू पण करून घे की, माझ्या ओळखीचा माणूस आहे, चार चाकं दोन दिवसात देतो. मी दिली. रिम दिसायला एक नंबर झाली होती हे खरं आहे, एका चाकाला 24 बोल्ट, काळा रंग, रिंग पिवळी, कारखान्यातली पोरं बघायला यायची.

पहिले दोन आठवडे दर रविवारी मी बोल्ट आवळले. मग पाऊस लागला, काम वाढलं आणि पाच आठवडे पाना लावला नाही. हे मी दाजींपासून कधी लपवलेलं नाही आणि इथंही लपवत नाही.

त्या दिवशी बाबांना घेऊन कणकुंबीच्या माउलीला गेलो होतो. येताना जांबोटी सोडल्यावर, डांबरी रस्ता, स्पीड फार तर 50, स्टीअरिंग डावीकडं ओढायला लागलं. मला वाटलं पंक्चर. उतरलो तर डाव्या पुढच्या चाकातनं हवा चाललेली आणि ऐकू येत होती, पण ट्रेडमधनं, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या भागातनं नव्हे, रिंगेच्या खालनं. पाऊस चालू, अंधार पडत आलेला, बाबा मोबाईलची बॅटरी धरून खाली वाकले आणि त्यांनी एका बोल्टाला बोट लावलं. तो फिरला. "अरे हा हातानं फिरतोय की रे," एवढंच म्हणाले. पाच बोल्ट नव्हतेच, नुसती भोकं आणि भोकांभोवती गंजाचं लाल पाणी. उरलेल्यातला एक काढून बघितला तर डोक्यावर कसलाही नंबर नाही, कोरं डोकं. चांगल्या बोल्टावर 8.8 किंवा 10.9 असा मजबुतीचा नंबर कोरलेला असतो, ते तुम्हाला माहीत असेलच. बाबा बसले होते त्याच बाजूचं चाक, आणि चोर्ला घाटात हे झालं असतं तर, हा विचार अजून मनातनं जात नाही. स्टेपनी साध्या रिमवर ठेवली होती म्हणून घरी आलो.

आता मुद्दा असा आहे जो लोक समजून घेत नाहीत. साध्या ट्यूबलेस रिममध्ये टायरची बीड हवाच दाबून धरते, हवा पूर्ण असली की बीड घट्ट. बीडलॉकमध्ये बाहेरच्या बाजूची बीड रिम आणि रिंग यांच्यामध्ये चेपलेली असते आणि तिला धरतात फक्त बोल्ट. म्हणजे आतली हवा सतत त्या बोल्टांवर ताण देत असते, ऑफिसला जाताना सुद्धा, 28 पीएसआय भरून सरळ रस्त्यावर सुद्धा. बीडलॉकचा फायदा मिळतो हवा 10-12 च्या खाली उतरवल्यावर, पण त्याची देखभाल कायम लागते. आठवड्यातनं एकदा चिखलात जाणाऱ्या माणसानं सातही दिवस हे ओझं घ्यायचं.

दाजींचं म्हणणं आजपर्यंत एकच, तू बोल्ट आवळले नाहीस म्हणून झालं. दर गणपतीला हेच, आक्का सांगून थकली की जेवताना चाकाचा विषय काढू नका. तर मी त्याच आठवड्यात उजवं चाक उतरवून टायर काढला, रिम लेथवर बांधली आणि बीड बसते त्या तोंडावर डायल (बाक मोजायचं काट्याचं घड्याळ, एक फेरी म्हणजे एक मिलीमीटर) लावली. रिम हातानं हळूहळू फिरवली. काटा आधी हलला नाही, मग जिथं वेल्डिंगचा शेवटचा जोड होता तिथं आला आणि सरसर एक पूर्ण फेरी मारून दुसऱ्या फेरीत 30 वर जाऊन थांबला. म्हणजे 1.3 मिलीमीटरचा बाक. उष्णतेनं पातळ पत्रा ओढला जातो, तो माणूस एका दमात गोल वेल्ड मारत गेला, थोडं इकडं थोडं तिकडं असं मारून थंड होऊ दिलं नाही, आणि नंतर फेसिंग, म्हणजे लेथवर तोंड सपाट करणं, ते पण केलं नाही. अशा तोंडावर रिंग कुठं बीडवर बसणार आणि कुठं मोकळी राहणार.

मग नवीन 8.8 चे बोल्ट घातले, समोरासमोरचे असे टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) सारखे आवळले आणि एक दिवस खानापूर-उद्यमबाग जाऊन आलो, एकटाच, हळू. परत रेंच लावला तर सहा बोल्ट सैल आणि सहाही त्या बाकाच्या बाजूला. नवीन बीड थोडी दबते म्हणून पहिल्या वेळेला सगळेच थोडेसे सैल होतात, ते मान्य, पण तेव्हा गोलाकार सगळीकडं होतात, एकाच बाजूला नाही. मी आवळले नाहीत ही चूक माझी. पण रिम वाकडी होती आणि ती आवळून सरळ होत नसते, दाजी.

तुमच्या प्रश्नाकडं येतो. घ्यायचीच असतील तर बीडलॉक म्हणूनच ओतलेली किंवा फोर्ज केलेली रिम घ्या, जिच्यात बोल्टाचे आटे झिजले तर बदलता येणारे इन्सर्ट आहेत. जिमनीला 5 बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) 139.7, मधलं भोक 108 मिलीमीटर. ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते, ते बघून घ्या, बीडलॉक रिम बहुतेक बाहेर निघालेल्या असतात, मग बेअरिंगवर ताण येतो आणि स्टीअरिंग खड्ड्यात हिसके देतं. रिंगेचा टॉर्क रिमवाल्यानं दिलेलाच धरा, पहिल्या 50 किलोमीटरला एकदा आणि मग ठरलेल्या दिवशी, पाऊस असो नसो. ट्रेडमधलं पंक्चर बाहेरनं पट्टी घालून निघतं, पण टायर उतरवायचा झाला तर आपल्याकडचा पंक्चरवाला 24 बोल्ट बघून हात लावत नाही, पाना तुमच्याच गाडीत पाहिजे. बॅलन्सिंगला पण जास्त शिसं लागतं. नुसते बोल्ट दिसणाऱ्या खोट्या बीडलॉक रिम मिळतात, त्या शोभेसाठी असतील तर घ्या, निदान त्या सुटत नाहीत.

पण मला विचाराल तर नको. फोर्डनं त्यांच्या ब्रॉन्को ह्या ऑफरोड गाडीला 17 इंची रिम दिली ती सुद्धा बीडलॉक बसवता येईल अशी दिली, खरी रिंग वेगळी विकत घ्यायची. आपल्या भागातला दगड जांभा आणि ओढ्यातले गोटे, खाली चिखल. ह्यात 16 ते 18 पीएसआयवर साध्या रिमचं काम होतं, मी आता तेच करतो, आजवर बीड सुटलेली नाही. तो पैसा चांगल्या टायरात आणि हवा भरायच्या कॉम्प्रेसरमध्ये घाला.

हां, आणि हे आधी सांगायला पाहिजे होतं, गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं सुद्धा कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊ नका असंच सांगितलंय, तेव्हा रिम घेण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी विचारा. भीमगडच्या जंगलात गाडी घालू नका, ते अभयारण्य आहे.

ती उजवी रिम मी भंगारात दिलेली नाही, कारखान्यात खुंटीला आहे. ह्या गणपतीला दाजी येतील तेव्हा जेवणाच्या आधी त्यांना उद्यमबागेत नेणार आहे, रिम बांधून देतो, डायल त्यांनीच धरायची.