आधी कोण, मग काय

प्रिय,

काल फोनवर तू एकच प्रश्न तीनदा विचारलास : ‘पायलटनं लेव्हल तर बरोबर वाचून दाखवली होती, मग माझं चुकलं कुठे?’ तो डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

कंट्रोलरच्या खुर्चीतून तू 243 नंबरच्या विमानाला फ्लाइट लेव्हल 120, म्हणजे साधारण बारा हजार फुटांपर्यंत, खाली यायला सांगितलंस. ‘वन टू झीरो’ असं उत्तर आलं, पण ते 234 नं दिलं. तू आकडा तपासलास, नाव तपासलंच नाहीस. अपेक्षित उत्तर आलं की कान सैल पडतात. रीडबॅक, म्हणजे पायलटनं परत म्हणून दाखवलेली सूचना, ऐकताना आधी कोण बोलतंय ते ऐक. काय बोलतोय ते नंतर.

माझ्या हातून हेच झालंय, आणि जास्त वाईट रीतीनं. रात्रपाळी होती. दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं, दोघांचाही नंबर 518. कॉल साईनमध्ये, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावात, कंपनीचं नाव आधी येतं, आणि पायलट बटण दाबता दाबताच बोलायला लागला की नेमकं तेच कापलं जातं. मी सूचना दिली आणि हेडसेटमध्ये नुसती कर्कश शिट्टी आली. दोघं एकदम बोलले की तशी येते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी परत विचारलं नाही. रडारवर नको त्या विमानाचा उंचीचा आकडा उतरायला लागला, तो शेजारच्या सहकाऱ्यानं पाहिला. अहवालात मी लिहिलं, ‘रेडिओत अडथळा होता.’ खोटं नव्हतं. पण मी विचारलं नाही, हे लिहिलं नाही.

त्यानंतर मी हट्टी झालो. फ्रिक्वेन्सी कितीही भरलेली असो, पूर्ण कॉल साईन, दर वेळी. सारखी नावं आली की दोघांनाही सावध करायचं. फारच जवळची असतील तर एकाची कॉल साईन तात्पुरती बदलून द्यायची. आंतरराष्ट्रीय नियम ती मुभा देतात. लोक मला संथ म्हणायचे. म्हणोत. दोन सेकंद वाचवून मी काय मिळवणार होतो?

नंबर कंपन्यांनीच नीट द्यावेत, हे तुझं म्हणणं रास्त आहे. युरोपात युरोकंट्रोल ही हवाई वाहतूक सांभाळणारी संस्था त्यासाठी कंपन्यांना खास संगणकप्रणाली देते. काही कंपन्या आकड्यांत अक्षरं मिसळतात. पण एक विमान तासभर उशिरा निघालं, की कागदावर कधीच न भेटणारी दोन नावं तुझ्या सेक्टरमध्ये, तुझ्या वाट्याच्या आकाशात, एकत्र येतात. तिथे कंपनी नसते गं, तू असतेस! म्हणून पुन्हा सांगतो, आधी कोण.

उद्या खुर्चीत बसलीस की स्ट्रिपवरची, विमानांच्या माहितीच्या पट्ट्यांवरची, नावं ओठ हलवून वाच. डोळ्यांना वेगळी दिसणारी नावं कानाला सारखी लागतात, ती तिथेच सापडतील. आणि 234 च्या पायलटवर राग धरू नकोस. त्यालाही स्वतःचंच नाव ऐकू आलं होतं.