‘वाचलं तर मला काय मिळेल?’

*ताई, नमस्कार. आम्हाला परदेशात येऊन नऊ वर्षं झाली. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. मुलाचं मराठी सुटत चाललंय असं वाटल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला. मराठीतलं एक पान वाचलं की एक तारा, दहा तारे झाले की टॅबवर एक तास जास्तीचा. सुरुवातीला पठ्ठ्या रोज तीन-तीन पानं वाचायचा. आता ताऱ्यांचं नाव काढलं तरी पुस्तकाला हात लावत नाही. मागच्या आठवड्यात आजीशी व्हिडिओ कॉलवर दोन शब्द बोल म्हटलं, तर म्हणाला, “बोललो तर मला काय मिळेल?” त्याचे बाबा म्हणतात, बक्षीस वाढवू. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. मुलगी बोलते, पण “मी काम करलं”, “मी आलो” असं. मी प्रत्येक वेळी सुधारते. हल्ली तीही गप्प राहायला लागलीय. आमचं कुठे चुकतंय?*

तुमचा मुलगा उद्धट नाही, हिशोबी आहे. आणि हा हिशोब त्याला घरातच शिकायला मिळाला. दोन वर्षं रोज भिंतीवर लिहिलेलं होतं की मराठी ही मोबदला घेऊन करायची गोष्ट आहे. त्याने आता फक्त दर विचारला.

हे वाचून अपराधी वाटून घेऊ नका. असा तक्ता मीही लावला होता. माझ्या मुलीने आठवड्याभरात घरातलं सगळ्यात मोठ्या अक्षरांचं आणि सगळ्यात जास्त चित्रांचं पुस्तक शोधून काढलं आणि तेच पुन्हा पुन्हा ‘वाचलं’. पानाला तारा होता ना, मग पान जितकं छोटं तितकं बरं! मला वाटलं होतं ती वाचायला शिकतेय. ती तारे मिळवायला शिकत होती, आणि त्यात चांगली तरबेज झाली.

बक्षिसाने वागणं बदलतं, हे खरंच आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बंद पेटीत भुकेलं मांजर, बाहेर खाणं. धडपडता धडपडता मांजराचा पंजा योग्य कळीवर पडायचा आणि दार उघडायचं. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी लागत गेला. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती पुन्हा होते, असा त्याचा निष्कर्ष. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर पुढे मोठी इमारत उभी केली. कृतीमागून असं काही आलं की ती कृती वाढते, तर त्याला ‘प्रबलन’ म्हणायचं. तुमचा तक्ता म्हणजे शुद्ध प्रबलन. म्हणूनच पहिले काही महिने तो धावला.

पण मांजराला कळ दाबण्याची मुळात हौस नव्हती. माणसाच्या पोराला पुष्कळ गोष्टींची मुळातच हौस असते, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपणहून रंगीत पेनांनी चित्रं काढत बसणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र दिलं, पण चित्र काढून झाल्यावर, अचानक. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं पुन्हा मांडून ठेवली, या वेळी बक्षिसाची भाषा न करता, आणि कोण किती वेळ रंगवतंय ते गुपचूप पाहिलं. ज्यांच्याशी आधी ठराव झाला होता ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ रंगवत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र जशीच्या तशी होती.

हा शेवटचा भाग लोक सांगायचा विसरतात. प्रशस्तिपत्र तेच होतं. बिघडवलं ते ‘हे केलंस तर ते देईन’ या ठरावाने. मूल स्वतःकडेही बाहेरून बघत असतं: मी हे का करतोय? बक्षिसासाठी. म्हणजे मला हे आवडत नसणार.

आता तुमच्या तक्त्याकडे बघा. त्यात मराठी ही मेहनत आहे आणि टॅब ही मजुरी. बारा वर्षांच्या मुलाला यातून काय कळतं? मराठी इतकी कंटाळवाणी आहे की ती वाचायला आईबाबांना काहीतरी द्यावं लागतं, आणि टॅब इतका भारी की तो कमवावा लागतो. त्याच्या बाबांनी दोन तास केले तर हाच निरोप दुप्पट मोठ्या आवाजात पोचेल. काही दिवस पानं वाढतील, मग तीन तास मागेल. तेव्हा या एका मुद्द्यावर मी ठामपणे तुमच्या बाजूने आहे.

तरीही बक्षीस म्हणजे विष, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ज्या गोष्टीत मुळीच गोडी नाही तिची सुरुवात करून द्यायला छोटं बक्षीस उपयोगी पडतं, आणि गोडी लागली की ते हळूच काढून घेता येतं. मनापासूनचं कौतुकही त्रास देत नाही, फक्त ते नेमकं हवं. “हुशार आहेस” यापेक्षा “तो लांबलचक शब्द तू फोड करून वाचलास, ते मला आवडलं” हे बरं. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांच्या १९९८च्या प्रयोगांत, हुशारीचं कौतुक झालेली मुलं नंतर अपयश आल्यावर लवकर खचली. प्रयत्नांचं कौतुक झालेली टिकून राहिली.

मग करायचं काय? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी प्रेरणेचा अभ्यास करून एक सिद्धांत मांडला. माणूस आपणहून एखादी गोष्ट करत राहावा, तर तीन गरजा भागाव्या लागतात: हे मी ठरवलंय, हे मला जमतंय, आणि यात माझी माणसं आहेत. स्वायत्तता, सक्षमता, आपलेपणा. तुमच्या घरी या तिन्हींची काय स्थिती आहे ते बघू.

काय वाचायचं, कधी, किती, हे कोण ठरवतं? पत्रावरून वाटतं, तुम्ही. दहा वर्षांच्या मुलाने ते चालवून घेतलं, बारा वर्षांचा घेणार नाही. त्याला क्रिकेट आवडत असेल तर क्रिकेटच्या बातम्या, विज्ञान आवडत असेल तर ते, विनोद आवडत असतील तर पांचट विनोदसुद्धा. मराठी मजकूर ‘संस्कारक्षम’च हवा हा हट्ट सोडा. आणि वाचायचंच नसेल, ऐकायचं असेल, तर ऐकू दे. मराठी चालू ठेवायची एवढं तुम्ही ठरवा, कशातून ते तो ठरवेल.

जमण्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. परदेशात वाढलेल्या बऱ्याच मुलांना मराठी कळते पुष्कळ आणि बोलता येते थोडी. समजणं आणि बोलणं यांतल्या या दरीची त्यांना स्वतःला लाज वाटते. शाळेत फाडफाड बोलणारा मुलगा आजीसमोर तीन वर्षांच्या पोरासारखा अडखळतो. कोण जाईल मग तिथे आपणहून? लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाला फक्त ३७ वर्षांचं आयुष्य मिळालं, पण त्याची एक कल्पना आजही शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात असते: मुलाला एकट्याला जे जमतं आणि कुणी हात दिला तर जे जमतं, या दोन्हींच्या मधली जागा. शिकणं तिथे होतं. त्याने त्याला ‘निकट विकासाचं क्षेत्र’ म्हटलं. पुढे १९७६ साली डेव्हिड वूड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी या हात देण्याला परांचीची उपमा दिली. इमारत चढवताना बांबूची परांची बांधतात, काम झालं की सोडतात, तसं. तुमच्या घरी याचा अर्थ इतकाच की तो अडला तर सबंध वाक्य त्याच्या तोंडात घालू नका, अर्धं द्या. “मी काल शाळेत...” एवढं म्हणा आणि थांबा. थांबणं सगळ्यात अवघड. मनातल्या मनात पाच अंक मोजा.

तिसरा मुद्दा आजीचा. व्हिडिओ कॉलवर आजी विचारते, शाळा कशी चाललीय? तो म्हणतो, बरी. आजी विचारते, अभ्यास? तो म्हणतो, हो. मग मागून तुम्ही खुणावता, बोल ना अजून. ही तोंडी परीक्षा झाली, आणि परीक्षकाला उत्तरं आधीच माहीत आहेत. भाषा टिकते ती गरजेवर. आजीला फोनवर फोटो कसे शोधायचे ते माहीत नसेल, अक्षरं मोठी कशी करायची ते कळत नसेल, तर ते शिकवायचं काम त्याचं. ‘इथे दाब’, ‘खाली ओढ’, ‘तो नाही, शेजारचा’ हे सगळं मराठीत सांगावं लागेल, कारण पलीकडच्या माणसाला खरोखरच त्याची मदत हवी आहे. तुम्ही त्या खोलीत थांबू नका. आजीला आधी एकच विनंती करा: तो चुकला तर हसू नका, आणि “आमच्या नातवाला मराठी येत नाही हो” हे वाक्य त्याच्या कानावर पडू देऊ नका.

आता लेकीकडे वळते, कारण तिची बाजू मला मुलापेक्षा तातडीची वाटते.

ती “मी काम करलं” म्हणते. ते ती कुणाकडून ऐकून शिकली? तुमच्या घरात कुणी ‘करलं’ म्हणत नाही. तिने बसलं, उठलं, लिहिलं, वाचलं ऐकलं, त्यातून ‘लं’चा नियम काढला आणि ‘कर’ला लावला. मराठीनेच नियम मोडून ‘केलं’ केलं, त्याला ती काय करणार? जीन बर्को यांनी १९५८ साली लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र आणि त्याचं बनावट नाव देऊन विचारलं की असे दोन असतील तर काय म्हणाल? बहुतेक मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या नावाचं अनेकवचन बिनचूक केलं. मुलं पोपटपंची करत नाहीत, व्याकरण बांधतात. ‘करलं’ हा त्या बांधकामाचा पुरावा आहे. मला तर हा शब्द ऐकला की आनंद होतो. आणि “मी आलो”? बाबा आणि दादा दोघंही तसंच म्हणतात, म्हणून. शिवाय मराठीच्या काही बोलींत मुली सर्रास “मी आलो” म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही.

तुम्ही प्रत्येक वेळी प्रेमानेच सुधारत असाल. पण वर्तनाच्या मानसशास्त्रात शिक्षा म्हणजे रागावणं नव्हे. ज्या परिणामामुळे वागणं कमी होतं ती शिक्षा. देणाऱ्याचा हेतू काय होता हे तिथे कुणी विचारत नाही. बोललं की वाक्य मध्येच तोडलं जातं, आणि बोलणं कमी होतंय. म्हणजे तिच्यापुरती ती शिक्षाच ठरतेय. “करलं नाही, केलं म्हण” हे आजपासून बंद. ती म्हणाली “मी चित्र करलं”, की तुम्ही म्हणा, “तू चित्र केलंस? कशाचं केलंस?” बरोबर रूप तिच्या कानावर दोनदा पडलं आणि गप्पाही पुढे गेल्या. पुन्हा म्हणून दाखव, असं मात्र म्हणू नका.

मुलाच्या बाबतीत एक गोष्ट तक्त्याच्या पलीकडची आहे. तो बारा वर्षांचा आहे, आणि एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयाचा मुख्य प्रश्न सांगितला आहे तो ‘मी कोण?’ हा. एरिक्सनला तो पुस्तकात सापडलेला नव्हता. जन्म १९०२चा, जर्मनीतला, आई डॅनिश, वडील कोण ते माहीत नाही, सावत्र वडील ज्यू. ज्यू मुलं त्याला परका म्हणून चिडवत आणि शाळेतली मुलं ज्यू म्हणून. १९३३ साली तो अमेरिकेत गेला आणि पुढे आडनावही स्वतःच निवडलं. तुमचा मुलगा पुढची काही वर्षं मराठीपण अंगावर घालून बघेल, काढून फेकेल, पुन्हा घालेल. फेकलेलं असताना तुम्ही ते जबरदस्तीने घालायला गेलात, तर भाषा राहील बाजूला आणि भांडण ‘माझं कोण ठरवणार’ यावर सुरू होईल.

सरावाचं थोडक्यात. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बरी. स्मरणावर १८८५ साली पुस्तक लिहिणाऱ्या हेर्मान एबिंगहाऊसने हजारो निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून हे तपासलं होतं. त्याला आणखी एक दिसलं: जे पार विसरलोय असं वाटतं ते दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागतो. तेव्हा मधले काही महिने वाचन बंद पडलं, तर शिकलेलं सगळं पुसलं गेलं असं समजू नका.

तक्ता काढताना चोरून काढू नका. आधी उरलेले तारे मोजा आणि तेवढा टॅबचा वेळ त्याला देऊन टाका, ठराव तुम्ही केला होता. मग सांगा की ही आमची चूक होती, टॅबचा वेळ आता ठरलेला असेल आणि त्याचा मराठीशी संबंध नसेल. त्यानंतर बहुधा पुस्तक बंदच राहील. बक्षीस थांबलं की वागणं आधी ढासळतं, कधी कधी घासाघीसही वाढते. या काळात बाबांना आवरणं हे तुमचं काम. निदान दोन-तीन महिने धरा.

आणि त्याने पुन्हा विचारलंच, “मला काय मिळेल?”, तर खरं ते सांगा. काही नाही मिळणार. पण आजीचे फोटो सापडत नाहीयेत, आणि मला ते मराठीतून समजावता येईना, तू बघतोस का?