'फिडलर'ला पहिल्यांदाच जाताय?
'फिडलर ऑन द रूफ'च्या सिंग-अलाँगला (सिनेमा बघता बघता प्रेक्षकांनीही गायचा खेळ) पोरांना नेणार असाल तर आधी पोटभर खाऊ घाला. १९७१ चा हा सिनेमा तब्बल तीन तासांचा आहे. गाण्याचे शब्द पडद्यावर दिसतात, पाठांतर नको; पण 'ट्रॅडिशन' आणि 'सनराइज, सनसेट' घरी दोन-चारदा ऐकवून ठेवा. सिनेमाचा नायक, गरीब गवळी तेव्ह्या, श्रीमंतीची स्वप्नं रंगवत खांदे उडवतो, तिथे लाजू नका. आमचे सासरे तर उभे राहून नाचले!

एक मात्र आधीच सांगून ठेवा: लग्नाच्या नाचगाण्यात दंगेखोर घुसतात, मोडतोड करतात. आमची धाकटी तिथे घाबरून मांडीवर येऊन बसली. लगेच मध्यंतर होतं, हे बरं. शेवटचं गाणं 'आनातेव्का' (तेव्ह्याच्या गावाचं नाव) हळू म्हणा. माझा तर गळाच दाटतो.