साडेचार हजारांचा प्रश्न, चार लाखांचा खड्डा

प्रश्न : वय ४१, खासगी कंपनीत नोकरी, हातात पगार ८५,००० रुपये. एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, शिवाय अर्थविषयक बातम्यांची एक वेबसाइट, अशा तीन ऑनलाइन वर्गण्या घ्याव्यात असं मनात आहे. वर्षाला साधारण ४,५०० रुपये होतील. पत्नी म्हणते, सगळं मोबाइलवर फुकट मिळतं, पैसे कशाला घालवायचे? तसा मी माहितीवर खर्च करतोच. दीड वर्षापासून टेलिग्रामवर शेअर बाजाराच्या टिप्स देणाऱ्या एका प्रीमियम ग्रुपला दरमहा ४,००० रुपये देतो. ग्रुप चालवणाऱ्या सरांची ॲक्युरसी ८५ टक्के आहे. ऑप्शनमध्ये सध्या ३ लाख १० हजार मायनस आहे, पण शिकतोय, रिकव्हरी होईल. त्यासाठी १ लाख ७० हजारांची एफडी मोडली आणि वर्षापूर्वी २ लाखांचं पर्सनल लोन घेतलं (१४ टक्के, तीन वर्षं). ट्रेडिंग खात्यात ६०,००० शिल्लक आहेत. बातम्या लवकर कळल्या तर ट्रेडिंग सुधारेल असं वाटतं. वर्गण्या घेऊ का?

उत्तर : एक घ्या, तीन नकोत. तुम्ही जे विचारलंत ते एवढंच. आता जे विचारलं नाहीत त्याकडे येऊ.

ग्रुपची फी दीड वर्षाची ७२,०००. तोटा ३ लाख १० हजार. कर्जाचा हप्ता ६,८०० च्या आसपास असणार, म्हणजे वर्षभरात सुमारे २४,००० नुसतं व्याज गेलं. एकूण झाले सुमारे ४ लाख. जवळपास पाच महिन्यांचा पगार. एवढ्या पैशात तुमच्या तिन्ही वर्गण्या ८८ वर्षं चालल्या असत्या, म्हणजे वयाच्या १२९ व्या वर्षापर्यंत. आणि घरात चर्चा साडेचार हजारांवर चाललीय! पत्रात कुठेही लिहिलेलं नाही म्हणून विचारतो : कर्जाचं आणि मोडलेल्या एफडीचं पत्नीला माहीत आहे का?

‘सध्या मायनस’ हा शब्द आधी सोडा. शेअर पडला तरी तो डिमॅट खात्यात राहतो, कधीतरी वर येईल अशी आशा धरता येते. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. एक्स्पायरीला, म्हणजे ती मुदत संपताना, शून्य झालेला ऑप्शन संपतो. ते ३ लाख १० हजार गेले. त्यांची ‘रिकव्हरी’ करायला जे पैसे लावाल ती नवी जोखीम असेल, नव्या पैशांची.

सरांच्या ८५ टक्क्यांचं म्हणाल तर मी तो आकडा खरा धरायला तयार आहे. २० कॉलपैकी (‘हे घ्या, ते विका’ अशा सूचनांपैकी) १७ बरोबर आले, प्रत्येकी १,००० रुपये मिळाले : १७,०००. तीन चुकले, प्रत्येकी ८,००० गेले : २४,०००. सर बरोबर ठरले आणि तुमचे ७,००० गेले. अशा ग्रुपांचे मेसेज मी पाहिलेत. ‘१८० च्या वर बाय, एसएल १५०, टार्गेट १९०’. एसएल म्हणजे स्टॉप-लॉस, तोटा थांबवायला जिथे विकायचं तो भाव. दहा मिळवायला तीस पणाला! टार्गेट लागलं की रॉकेटची चित्रं पडतात. एसएल उडाला की ‘होल्ड करा, ॲव्हरेज करा’ (म्हणजे पडत्या भावात आणखी घ्या), आणि संध्याकाळपर्यंत मेसेजच गायब. खाली एक ओळ कायम असते : फक्त शैक्षणिक हेतूसाठी. स्ट्राइक (ऑप्शनमधला ठरलेला भाव), खरेदीचा भाव आणि वेळ सांगून दिलेलं हे कुठलं शिक्षण?

या ग्रुपमध्ये शिरताना ‘आमच्या लिंकवरूनच खातं उघडा’ असं सांगितलं होतं का, आठवून पाहा. असल्यास बहुधा तुमच्या ब्रोकरेजमधला (दलालीतला) वाटा तिकडे जातो. मग तुम्ही किती सौदे करता यावर त्यांची कमाई ठरते, तुम्हाला नफा होवो वा न होवो. दिवसाला सहा कॉल का येतात, याचं उत्तर बाजारात शोधू नका.

फी घेऊन शेअर किंवा ऑप्शनचे सल्ले द्यायचे तर सेबीकडे (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे) रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक ‘आयएनएच’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर नावानिशी तपासता येतो. सरांकडे तो मागा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर नाही असं समजा. मात्र नोंदणी असली म्हणजे नफा होतो, असंही धरून चालू नका. सेबीनेच २०२४ मध्ये हिशोब मांडला : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये (मुदतीच्या सौद्यांत) उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ तोट्यात. २०२४-२५ साठी हाच आकडा ९१. तुमच्याकडे असं काय आहे की तुम्ही उरलेल्या नवांत बसाल? ‘बातम्या लवकर कळणं’ हे त्याचं उत्तर नव्हे. कंपनीने एक्स्चेंजला कळवलेली गोष्ट वाचून कुणीतरी बातमी लिहितो, ती तुमच्या मोबाइलवर येते, तोवर भाव हललेला असतो. त्या आशेने वर्गणी घेणार असाल तर एकही घेऊ नका. साडेचार हजार वाचतीलच, त्या बातमीवर केलेले सौदेही वाचतील.

आता काय करायचं. ग्रुप आज सोडा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं मँडेट (दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी) असेल तर तेही रद्द करा. नुसतं ग्रुपमधून बाहेर पडल्याने पैसे कापले जायचे थांबत नाहीत. ट्रेडिंग खात्यातले ६०,००० काढून कर्जात भरा. अंशतः परतफेड चालते का आणि शुल्क किती, हे आधी बँकेत विचारा. मुद्दल सध्या १ लाख ४२ हजारांच्या घरात असेल, ते ८२,००० वर येईल. हप्ता ६,८०० आणि ग्रुपचे वाचलेले ४,००० असे मिळून १०,८०० दरमहा भरलेत तर आठ महिन्यांत कर्ज संपतं. नंतर तेच १०,८०० रिकरिंगमध्ये टाका. सोळा महिन्यांत मोडलेली एफडी परत उभी राहते. म्हणजे दोन वर्षं फक्त पूर्वपदावर यायला!

एक गोष्ट पगारदार हमखास विसरतात. ऑप्शनमधला तोटा हा आयकराच्या दृष्टीने धंद्यातला तोटा असतो. तो पगारातून वजा होत नाही. मात्र मुदतीत विवरणपत्र भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, धंद्याच्या उत्पन्नासमोर वापरायला. त्यासाठी नेहमीचा पगारदारांचा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ लागतो. गेल्या वर्षी कुठला भरलात? सोपा भरला असेल तर या आठवड्यातच सीए गाठा. तोटा झाला म्हणून दाखवायची गरज नाही, हा समज सरांच्या कॉलइतकाच महाग पडतो.

राहता राहिली वर्गणी. पत्नीचं अर्धं बरोबर आहे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि घोषणा बीएसई-एनएसईच्या वेबसाइटवर, पतधोरण रिझर्व्ह बँकेच्या, म्युच्युअल फंडांची रोजची एनएव्ही (एका युनिटची किंमत) ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, हे सगळं फुकट आहे. वृत्तसंस्थेची एकच बातमी दहा ठिकाणी छापून येते, तिलाही पैसे मोजायची गरज नाही. पैसे द्यायचे ते कंपनीचा वार्षिक अहवाल शेवटच्या टीपेपर्यंत वाचून प्रश्न विचारणाऱ्या बातमीदारासाठी. छापील अंकात त्याचा पगार बराचसा जाहिरातींतून निघायचा. ऑनलाइन जाहिरातीचा मोठा वाटा सर्च आणि सोशल मीडियाच्या कंपन्या नेतात, त्यामुळे वर्तमानपत्रं वाचकाकडे आली. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये वेबसाइटवर पैसे मागायला सुरुवात केली तेव्हा पुष्कळांनी नकारार्थी मान हलवली होती. आज त्याचे बहुतेक वर्गणीदार डिजिटल आहेत.

तिन्हीपैकी कुठली, ते असं ठरवा : गेल्या महिन्यात कुणाचे चार लेख शेवटपर्यंत वाचलेत? त्याची वर्गणी घ्या. एकाचेही नसतील तर थांबा. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑटोपेचे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण १५,००० पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. सूचना वाचली नाहीत तर पैसे गेले.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा ब्रोकरचं प्रॉफिट अँड लॉस स्टेटमेंट जोडा, सगळे खर्च वजा केलेलं. सरांचे स्क्रीनशॉट नकोत.