कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात) दुधाळ काठाचा पिवळसर काचेचा बाऊल घेतला. तो व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, एकोणिसाव्या शतकातला असेल का? किंमत किती येईल? विकावा की ठेवावा?

वर्णनावरून बाऊल इंग्लंडातल्या गेट्सहेडच्या डेव्हिडसन काच कारखान्याच्या ‘प्रिमरोझ पर्लाइन’ या पिवळसर, दुधाळ काठाच्या काचेचा वाटतो. काचेतच उमटलेली ‘आरडी’ (Rd, म्हणजे नक्षी नोंदवलेली) ही अक्षरं आणि पुढे आकडा दिसतो का बघा. हे आकडे १८८४ पासूनचे. त्याआधी, १८४२ ते १८८३, शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का असे. आकड्यावरून नक्षी कधी नोंदवली ते कळतं, तुमचा नग कधी घडला ते नाही. आणि अतिनील टॉर्चखाली हिरवा चमकला म्हणून लगेच व्हिक्टोरियन ठरवू नका. ती चमक पिवळ्या रंगासाठी काचेत घातलेल्या युरेनियमची, आणि तशी काच १९३०च्या दशकातही निघत होती.

किमतीचं राहू द्या. विकावा की ठेवावा एवढंच तुम्ही विचारलंत, वापरावा का हे विचारलंच नाहीत, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे असाच बाऊल आहे. टाइनसाइडला, म्हणजे गेट्सहेडच्याच भागात, आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी घर आवरताना तो मला दिला. त्यांच्या आजीला लग्नात आलेला. आजोबा गोदीत कामाला. रविवारी जेवणानंतर डब्यातले पीच याच बाऊलमधून यायचे, वर कस्टर्ड. देताना म्हणाल्या, कपाटात कोंडू नकोस. मी त्यात शिकरण करते, दसऱ्याला श्रीखंड काढते. त्या पिवळ्या काचेत केशरी श्रीखंड इतकं सुंदर दिसतं की पहिला चमचा घालवत नाही.

एका दसऱ्याला पुण्याहून जाऊबाई आल्या होत्या. त्यांनी पानं वाढायच्या आधी श्रीखंड स्टीलच्या डब्यात काढलं, बाऊल धुऊन पुसून शोकेसमध्ये ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “एवढी मोलाची वस्तू खरकट्यात कसली घालतेस?” घरात पाहुणे होते, मी बोलले नाही. आता बोलते.

ही काच शोकेससाठी घडलेलीच नाही. इंग्लंडात १७४५ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता, तो १८४५ मध्ये उठला. त्यात साच्यात दाबून काच घडवण्याचं यंत्र आलेलं. काचकामासाठी नावाजलेल्या स्टॉरब्रिज गावच्या कारागिरांनी हाताने कापलेली नक्षी ज्यांना परवडत नव्हती, त्या खाणकामगारांच्या, गोदीवाल्यांच्या टेबलावर नक्षीची काच आली ती अशी. डेव्हिडसनने १८८९ मध्ये पर्लाइनचं पेटंट घेतलं. साच्यातून काढलेला नग पुन्हा भट्टीत तापवला की काठ दुधाळ होतो, खालचा भाग पारदर्शक राहतो. जाणकार म्हणवणारे कट ग्लासपुढे हिला हलकी समजतात. मला ते पटत नाही. कष्टकऱ्यांच्या घरात शंभर वर्षं हाताळून जी टिकली, तिचं मोल मला जास्त वाटतं.

तेव्हा विकू नका, वापरा. फक्त उकळती खीर किंवा गरम दूध ओतू नका, तडकेल. डिशवॉशर नको, कोमट पाण्यात हाताने धुवा. युरेनियमचं प्रमाण थोडं असतं, तरी दही, लोणचं असं आंबट त्यात साठवू नका. वाढा, खा, रिकामा करा. काठाचा टवका उडाला असेल तर मात्र खाण्यासाठी घेऊ नका. तेवढ्यापुरतं जाऊबाईंचं शोकेस मला मान्य आहे.